वेगळे ताट

कुंभिवलीस एका बाळंतिणीला आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो होतो. गरोदरपणीच्या रक्ततपासणीत तिला हेपॅटायटिस बी असल्याचे आढळले होते. सासूबाईंनी तिचे ताट वेगळे केले होते; तीही बाळाला अंगावर पाजण्यास धजत नव्हती.

"फादर, हे कोणत्या पापाचे फळ?"

तिने दिलेला चहा घेताना आमचाही हात क्षणभर कचरला, हे कबूल केले पाहिजे.

हा विषाणू ताटातून पसरत नाही. प्रसूतीसमयी तो आईच्या रक्तातून बाळाला लागतो व अशा सुमारे ९० टक्के बालकांत कायमचा राहतो. परंतु जन्मानंतर २४ तासांच्या आत लस, सोबत इम्युनोग्लोब्युलिन आणि पुढील डोस वेळेवर मिळाल्यास बहुतेक बाळे वाचतात. मग आईचे दूधही वर्ज्य नाही. तिच्या बाळाला पहिल्याच दिवशी दोन्ही इंजेक्शने मिळाली होती.

"पाप कसले, बाळ? वेळीच तपासून घेतलेस. पाज त्याला," आम्ही म्हणालो आणि सासूबाईंसमोर चहा संपवला.