खाडाखोड लपू न देणारी वही

‘ब्लॉकचेन’ म्हटलं की बहुतेकांना बिटकॉइन आठवतं आणि पाठोपाठ रातोरात श्रीमंत झालेल्यांच्या नि बुडालेल्यांच्या गोष्टी. त्या गोष्टी आज बाजूला ठेवू. मला या शब्दाची गोडी लागली ती पैशांमुळे नव्हे, एका वहीमुळे.

मी सातवीत असताना बाबा आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार होते. जमाखर्चाची वही एकच. ती कधी आमच्या घरी, कधी मांडवात, कधी आणखी कुणाकडे. विसर्जनानंतर हिशेब वाचला गेला, तर दोरखंडाचा खर्च १५०० रुपये! दोरखंडवाला तिथेच बसला होता. तो म्हणाला, “मला तर दीडशेच मिळाले.” वहीत एक शून्य वाढलं होतं आणि पेटीतले १३५० रुपये गेले होते. हे कुणी केलं ते कधीच कळलं नाही. बाबांना तोंडावर कुणी काही बोललं नाही; पण पुढच्या वर्षी वही दुसऱ्याकडे गेली. ते शून्य बाबांनी लिहिलेलं नाही, हे दाखवायला आमच्याकडे काहीच पुरावा नव्हता.

मागच्या नोंदीत केलेला बदल लगेच उघडा पडेल, अशी वही करता येईल का? येते! कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक नोंदीपुढे एक खुणेचा आकडा लिहायचा. मागच्या खुणेच्या आकड्याला ७ नं गुणायचं, त्यात नोंदीची रक्कम मिळवायची आणि बेरजेला ९७ नं भागायचं. बाकी उरेल तो नवा आकडा. सुरुवात १ पासून.

फुलं ४० रुपये : ७ + ४०, म्हणजे ४७. दोरखंड १५० रुपये : ४७ × ७ + १५० = ४७९, बाकी ९१. बत्त्यांचं भाडं ९० रुपये : ९१ × ७ + ९० = ७२७, बाकी ४८.

आता दोरखंडाचे १५०० करून पाहा. ९१ च्या जागी ८३ येतात, आणि बत्त्यांपुढे ४८ च्या जागी ८९! बत्त्यांच्या ओळीला कुणी हातही लावला नव्हता, तरी तिचा आकडा बदलला. कारण प्रत्येक ओळीनं मागच्या ओळीचा पदर धरून ठेवला आहे.

संगणकातही हेच होतं. बऱ्याच नोंदींचा एक गठ्ठा म्हणजे ‘ब्लॉक’. त्याचा खुणेचा आकडा म्हणजे ‘हॅश’. तो पुढच्या ब्लॉकमध्ये लिहिला जातो, म्हणून ही ‘चेन’. आपला ९७ चा नियम अगदीच कच्चा आहे, कुणीही जुळवाजुळव करील. बिटकॉइनमध्ये ‘एसएचए-२५६’ नावाचा नियम वापरतात. एक शब्द द्या की अख्खं पुस्तक, हॅश ६४ अक्षर-अंकांचाच येतो. पण एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी तो पार वेगळा होतो.

तुम्ही म्हणाल, चोर हुशार असला तर पुढचे सगळे आकडे नव्यानं लिहून काढील! बरोबर. म्हणून शेवटचा आकडा चारचौघांत जाहीर हवा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना संगणकावरच्या कागदपत्रांची हीच काळजी होती. त्यांनी १९९१ मध्ये अशी साखळी सुचवली. १९९५ पासून त्यांच्या कंपनीनं दर आठवड्याचा हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापायला सुरुवात केली, तोही हरवले-सापडलेच्या छोट्या जाहिरातींत! घरोघरी गेलेले अंक गोळा करून कोण बदलणार?

२००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावानं बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८ संदर्भांपैकी ३ या जोडीच्या कामाचे आहेत. बिटकॉइनमध्ये वर्तमानपत्राची गरज नाही. अख्ख्या वहीची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. शिवाय नवा ब्लॉक जोडायला मेहनत पडते. हॅशच्या सुरुवातीला ठरावीक शून्यं यावीत म्हणून ब्लॉकमध्ये एक जादा आकडा बदलत बदलत असंख्य वेळा गणित करावं लागतं. सगळे मिळून खटपट करतात तेव्हा साधारण १० मिनिटांनी एक ब्लॉक जुळतो. जुना ब्लॉक बदलणाऱ्याला पुढची सगळी मेहनत पुन्हा करावी लागेल, तीही बाकीच्यांच्या पुढे पळून! याला वीज मात्र भरमसाट लागते, हेही सांगायला हवं.

आणखी एक. पहिल्यांदाच कुणी खोटी रक्कम लिहिली, तर ही साखळी ती खोटी रक्कमही तितक्याच इमानानं जपते. लिहिताना खरं-खोटं पाहायचं काम माणसांचंच.

पुढच्या सहलीची वर्गणी तुमच्याकडे आली, तर वहीत खुणेचे आकडे जरूर लिहा. आणि रोज संध्याकाळचा शेवटचा आकडा वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवा. तो चाळीस जणांच्या वह्यांत उतरला, की तुमच्या हिशेबाला चाळीस साक्षीदार!