पालकाची जुडी

बी.एड.ला आम्हाला पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं. टाचण, शैक्षणिक साधनं, फळ्यावरची मांडणी, शेवटी गृहपाठ. समोरच्या मुलाच्या पोटात काही आहे की नाही हे आधी बघावं, असं कुठल्याच टाचणात नव्हतं. ते मला सहावीतल्या एका मुलीकडून शिकावं लागलं.

मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं यंत्रमाग कामगारांची. बाप लूमवर बारा-बारा तास उभा, आई कांड्या भरणारी. लूम चालला तर आठवड्याचा हप्ता, बंद पडला तर तोही बंद. रेशनचं धान्य मिळतं, हे खरं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं बहुतेक कार्डांवर माणशी महिन्याला 5 किलो, आणि जानेवारी 2023पासून तेही मोफत. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात भूक उघडी दिसत नाही. भात असतो, चपाती असते. तिच्यासोबत मात्र कधी चटणी, तर कधी नुसता चहा. मंदी आली की घरातून पहिली जाते ती भाजी.

शाळांमध्ये पोषण परसबागा कराव्यात, अशा सूचना केंद्र सरकारनं 2019मध्ये काढल्या. आमच्याकडे उशिरानं का होईना, मागच्या भिंतीलगत जागा निघाली. मुलांनी दगड वेचले, वाफे केले. मेथी, पालक, मुळा लावला. बकऱ्या शिरू नयेत म्हणून कुंपण घातलं आणि मी हौसेनं पाटी लावली : ‘सब्ज़ी तोड़ना मना है.’ त्याच आठवड्यात वर्गात हदीसही सांगितली, की माणसानं पेरलेलं दुसऱ्या माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं तरी पेरणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं.

दुसऱ्या दिवशी बाग बघायला पाहुणे येणार होते. सकाळी पाहते तो पालकाच्या वाफ्याचा एक कोपरा मोकळा. एका मुलीच्या ओढणीखालून मुळांसकट उपटलेला पालक डोकावत होता. मी वर्गासमोर तिला उभं केलं. ‘चोरी’ हा शब्द वापरला. ती काहीच बोलली नाही. मधल्या सुट्टीत घरी निघून गेली.

दुपारी तिची दादी आली. रुमालात गुंडाळलेला, सुकून गेलेला पालक तिनं माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, “बच्ची से ग़लती हो गई, टीचर. ये लो आपकी भाजी.” पंधरा दिवस लूम बंद होता, हे तिनं मी विचारल्यावरच सांगितलं. निघताना दारात थांबून म्हणाली, “जड़ से नहीं निकालना था. ऊपर से काटती तो फिर आती.”

मी पानांचे प्रकार शिकवत होते. पालक कसा कापावा हे मुलांना सांगायचं मात्र राहून गेलं होतं. दादीचं बालपण खानदेशातल्या शेतांवर मजुरी करण्यात गेलं होतं. मी तिला शनिवारी शाळेत बोलावलं. ती आली, सोबत चार आयाही आल्या. दोन बोटं खोड ठेवून पालक कापायचा. तेलाच्या डब्याला बुडाशी भोकं पाडायची. बकरीच्या लेंड्या ताज्या नाही, कुजवून घालायच्या. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तांदूळ धुतलेलं आणि वजूचं पाणी जपून कुंडीत टाकायचं. शेवग्याची जाड फांदी रोवली तरी झाड होतं, आणि त्याचा पालाही भाजीला चालतो. माझं काम फक्त हे सगळं मुलांच्या वहीत लिहून घेण्याचं.

बागेतली भाजी आता निम्मी शाळेच्या खिचडीत जाते, निम्मी हजेरीपटाच्या क्रमानं घरी. प्रत्येकाच्या घरी, मालकाच्याही आणि मजुराच्याही. गरिबांची यादी करायची नाही, असं आयांनीच बजावलं. यादी झाली असती तर एकही मूल जुडी घ्यायला पुढे आलं नसतं.

बाग पोट भरते, असं मी म्हणणार नाही. सहावी ते आठवीच्या मुलाला शालेय आहारात दिवसाला 75 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. 200 मुलांची 15 किलो झाली. आमची सगळी बाग एका दिवसालाही पुरायची नाही. बंद लूमचा हप्ता पालक भरून देत नाही. पण मोहल्ल्यातल्या काही पत्र्यांवर आता डबे दिसतात, आणि मंदीच्या आठवड्यात चपातीबरोबर मूठभर हिरवं असतं. तेवढंच.

पाटी मी काढून टाकली. त्या मुलीची माफीही मागितली, पण एकटीला बाजूला घेऊन. रागावले होते सगळ्या वर्गासमोर आणि माफी मागितली कोपऱ्यात, हे मला अजून टोचतं. ती आता आठवीत आहे, वर्षअखेर शाळा सोडून जाईल. त्याआधी त्याच वर्गासमोर उभं राहून ते एक वाक्य मला बोलायचं आहे.