सातवा क्रमांक

शब्दांवर पोट भरणाऱ्या मराठीच्या मास्तराने बिनशब्दांच्या गाण्यापुढे मान तुकवावी, ही गंमतच! १९८४ साली सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या कातारिना विटने फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक मिळवले. १९८८ साली कॅल्गरीत पुन्हा. १९९२ साली त्याच सारायेव्होला तोफांचा वेढा पडला. १९९४ साली नॉर्वेत, लिलेहॅमर ऑलिंपिकच्या बर्फावर विट उतरली ती पीट सीगरच्या युद्धविरोधी गाण्यावर. मार्लेन डीट्रिचने ते १९६२ साली जर्मनमध्ये गाजवले होते. तेव्हाच्या नियमाने स्पर्धेत शब्द वर्ज्य. नुसती चाल वाजली. पण रणात हरवलेल्या पोरांची विचारपूस त्या चालीनेच केली. क्रमांक लागला सातवा. असेना! दोन्ही सुवर्णपदके तिने स्वतःसाठी जिंकली. हा सातवा क्रमांक मात्र त्या गावाला वाहिला.