तारणाची तारीख

संगमेश्वर,
रविवार दुपार

चि. बाळूस,

परवा फोनवर तू आईला विचारलंस, "आई, तुझं तारण कोणत्या तारखेला झालं?" ती गोंधळली, तर वर म्हणालास, "तारीख सांगता येत नाही म्हणजे झालंच नसणार." शाबास! जिने तुला हात जोडायला शिकवलं तिचीच परीक्षा घेतलीस. तेव्हापासून ती बाबांचं जुनं बायबल मांडीवर घेऊन बसते आहे. पहिल्या पानावर बाबांनी टाकाने लिहिलेले सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, दृढीकरणं तुला आठवत असतील. स्वतःच्या नावापुढच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारते, "दादा, यातली कुठली रे?" काय सांगू तिला? तूच सांग.

आता तुला वाटेल, मामा सत्कर्मांची बाजू घेऊन भांडणार. मुळीच नाही. माणूस कृपेने तरतो आणि ती कृपा साध्या विश्वासाने हाती येते, हा इफिसकरांस पत्रातला दुसरा अध्याय तुझ्या जन्माआधीपासून मला पाठ आहे. माझं भांडण वेगळंच आहे. तुमच्या नव्या फेलोशिपने त्या विश्वासाचंच कर्मकांड करून टाकलं. अमुक शब्दांत प्रार्थना, अमुक दिवशी, चारचौघांसमोर साक्ष, मग वहीत तारीख. म्हणजे पुन्हा आपलं तारण आपणच कमवायचं आणि वर पावतीही आपणच फाडायची!

पंडिता रमाबाईंचा दाखला तूच दिलास, तेव्हा त्यांच्याबद्दल ऐक. वडील अनंतशास्त्री डोंगरे घर सोडून तीर्थंच करत हिंडले, पुण्यासाठी होतं नव्हतं ते दान केलं. 1874 च्या सुमारास उपासमारीत ते गेले, पाठोपाठ आई आणि बहीणही. रमाबाई आणि त्यांचा भाऊ चालत राहिले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. ज्या बाईने पुण्याचा हिशेब असा अंगावर सोसला, तिला 'फुकट मिळतं' हे ऐकून काय वाटलं असेल ते आपल्याला कळायचं नाही. आपण आयते जन्मलो.

29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मनाला खरी शांती मिळाली ती आठेक वर्षांनी. धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तुझा मुद्दा इथेच आहे, मला ठाऊक आहे. पण बाळू, तो प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला फोन करून नव्हे! उलट वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिननी विश्वासाचा नेमका साचा पुढे केला, तेव्हा याच बाईंनी त्यांच्याशी पत्रांतून कडाकडा वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या दावणीला जायला त्या तयार नव्हत्या. ती पत्रं पुस्तकरूपाने छापलेली आहेत. तुमच्या पाळकांना दे वाचायला.

आणि आपल्याच जिल्ह्यातले, करजगावचे कवी ना. वा. टिळक? 10 फेब्रुवारी 1895, मुंबई, ही बाप्तिस्म्याची तारीख. पण विश्वास त्याच दिवशी उगवला का? आगगाडीत एका अनोळखी साहेबाने नवा करार दिला, ती गोष्ट त्याआधीची. ते स्वतः तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत. शास्त्री नदीच्या पुलावरून तू हजारदा गेलास, कितव्या पावलाला नदी ओलांडलीस ते सांगशील? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत यायला आणखी पाचेक वर्षं लागली. टिळक तापट, विक्षिप्त. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना कधीकधी त्यांचा राग येतो. पण बाप्तिस्म्यासाठी त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही.

क्रुसावरच्या अपराध्याला मात्र तारीख होती, असं तू म्हणशीलच. होती. पण त्याने ती दुसऱ्या कुणाला विचारली नव्हती. त्याने फक्त येशूला आपली आठवण ठेवायला सांगितलं. तेवढं आई रोज रात्री दिवा मालवताना सांगते, तुझ्यासकट सगळ्यांची नावं घेऊन.

कृतीवाचून विश्वास निर्जीव म्हणणाऱ्या याकोबाच्या पत्राला ल्यूथर पेंढ्याचं पत्र म्हणाला. म्हणू दे. पण मनाला शांती मिळाल्यावर रमाबाई काय करत बसल्या होत्या? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी गोळा करून आणल्या, केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी केली. त्या मुलींना आधी जेवण दिलं असणार. तुम्ही फॉर्म दिला असता.

असो, फार बोललो. पण खरं सांगू, मला भीती वेगळीच वाटते. नोकरी सोडून 'पूर्णवेळ' होणार आहेस असं तुझा मित्र म्हणाला. खरं आहे का? खोलीचं भाडं कोण भरतं? आवाज का बसला होता? उपास किती करतोस? तुला लहानपणापासून उपाशी राहिलं की चक्कर येते, हे तुमच्या मंडळींना माहीत आहे का? आणि सारखं तारण झालं की नाही हे चाचपत राहणाऱ्याला झोप तरी लागते का रे?

शनिवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने ये. पाऊस फार आहे, शास्त्रीचं पाणी बाजारात शिरेल की काय असं वाटतंय, पण स्टेशनवर मी रिक्षा ठेवतो. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या इथे मिळत नाहीत, त्या दोन पाकिटं आण. आणि त्याआधी, आज रात्रीच, तिला फोन कर. तारणाचं काही काढू नकोस. गुडघा कसा आहे तेवढं विचार.

तुझा,
मामा