गोठ्यातून गोदीकडे

पुसानहून उल्सान तसे जवळच. मुंबईहून कल्याणला जावे, एवढेच अंतर. कोरियाला जाणारे लोक सेऊलचे राजवाडे पाहतात आणि परततात. मला मात्र हे कारखान्यांचे गाव पाहायचे होते. इथल्या जांगसेंगपो बंदरात एके काळी देवमाशांची शिकार चाले. आज तिथे देवमाशांचे संग्रहालय आहे. १९६२ साली सरकारने उल्सानला खास औद्योगिक क्षेत्र ठरवले आणि कोळ्यांच्या गावाचे दैव पालटले.

हे दैव पालटणाऱ्यांत चुंग जू-युंग हे नाव पहिले. १९१५ साली, आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बापाने गाय विकून ठेवलेले पैसे उचलून पोरगा सेऊलला पळाला! पुढे तांदळाच्या दुकानात नोकरी, मग मोटारदुरुस्ती आणि १९४७ साली 'ह्युंदाई' ही बांधकाम कंपनी. अशा घराण्यांच्या उद्योगसमूहांना कोरियात 'चेबोल' म्हणतात.

पण वाचकहो, ही नुसती एका कर्तबगार माणसाची कथा नव्हे. १९६१ साली सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी बँका सरकारच्या मुठीत घेतल्या. जो माल परदेशी विकेल त्याला स्वस्त कर्ज, असा रोकडा सौदा! घरच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसलाही माल मारता येतो. परक्या बाजारात तो खपवायचा तर चोख असावाच लागतो. १९६४ साली दहा कोटी डॉलर असलेली निर्यात १९७७ साली एक हजार कोटींवर गेली.

जहाजाच्या गोदीसाठी चुंग १९७१ साली लंडनला गेले. जहाजे बांधता येतील का, या शंकेवर त्यांनी खिशातून पाचशे वॉनची नोट काढली. तीवर सोळाव्या शतकातल्या कोरियन 'कासव-जहाजा'चे चित्र होते! पुढे एका ग्रीक जहाजमालकाने प्रत्येकी २ लाख ६० हजार टनांची दोन तेलवाहू जहाजे मागवली. इकडे गोदी खणणे आणि तिकडे जहाज जोडणे एकदमच चालले होते. १९७४ च्या जूनमध्ये पहिल्या जहाजाचे नामकरण झाले. १९७६ साली 'पोनी' मोटार इक्वेडोरला निघाली. आता तर पुण्याजवळच्या तळेगावचा एका अमेरिकन कंपनीचा जुना कारखानाही ह्युंदाईकडे आला आहे.

संध्याकाळी गोदीची पाळी सुटली आणि मोटारसायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडला. त्या चेहऱ्यांकडे पाहताना वाटले, मोठेपणाचा हिशेब यांच्या घामावाचून पुरा कसा व्हावा? वर्षानुवर्षे मजुरी दाबून ठेवलेली, संघटनेला मज्जाव. अखेर १९८७ साली याच उल्सानचे कामगार हजारोंनी रस्त्यावर आले, तेव्हा कुठे त्यांच्या पदरात काही पडले. आणि १९९७ साली आर्थिक संकट आले, तेव्हा उद्योगसमूहांच्या कर्जांचे डोंगर उघडे पडले. सामान्य घरांतून देशासाठी सोन्याच्या अंगठ्या बाहेर निघाल्या. 'देवू'सारखा बलाढ्य समूह १९९९ साली कोसळला. नफा घराण्याचा, जोखीम मात्र साऱ्या देशाची!

१९९८ साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी चुंग उत्तर कोरियाच्या सीमेपलीकडे दोन खेपांत एक हजार एक गुरे घेऊन गेले. बापाच्या एका गाईचे ऋण असे व्याजासकट फिटले. उल्सानच्या मजुरांचे ऋण फेडायला मात्र असा एखादा कळप कुठून आणायचा?