ब्लॉक

काडेपेटीहून जरा लहान, पांढरा, मेणाचा. पाठीला प्लॅस्टिकची जाळी आणि पोटात आतड्याच्या गाठीचा तपकिरी तुकडा. अंगावरचा बायोप्सीचा नंबर पेन्सिलीने लिहिलेला, कारण साधी शाई स्पिरिट-झायलीनमध्ये धुऊन जाते.

बिदरजवळच्या भालकी-औरादकडे कॅन्सरचं दुखणं ज्या घरात शिरलं, तिथे ब्लॉक माहीत असतो. ऑपरेशन गुलबर्ग्यात झालं (2014 पासून कागदोपत्री कलबुर्गी) आणि पुढचं बघायला बार्शी किंवा परळचं टाटा गाठायचं ठरलं, की निघताना कुणीतरी विचारतंच, "ब्लॉक घेतला का?" मग बिदरहून निघालेल्या गाडीत फाइलशेजारी, रुमालात गुंडाळून, स्वारी मुंबईला जाते.

स्वभाव अबोल, पण स्मरण पक्कं. आत केरास जनुक बिघडलेला आहे का, हे वर्षांनंतरही त्याच्याकडून काढून घेता येतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या चाळीसेक रुग्णांत तो बिघाड सापडतो. सापडला, की सेटुक्सिमॅबचं महागडं इंजेक्शन सहसा लागू पडत नाही.

पूर्वी त्याला बोलतं करण्यात दिवस जात. बेल्जियमच्या बायोकार्टिस कंपनीचं इडिला यंत्र ते काम दोनेक तासांत उरकतं. मेणाचा पाच-दहा मायक्रॉनचा पापुद्रा ओल्या गाळणकागदात धरून कार्ट्रिजमध्ये घालायचा. मेण वितळवणं, पेशी फोडणं, डीएनए वाढवणं, सगळं आतल्या आत.

यंत्राची पारख करणारे त्याच ब्लॉकची जबानी जुन्या पद्धतीनेही घेतात आणि दोन्ही ताडून बघतात. बहुतेक जुळतात. पण यंत्र केरासचे ठरलेले 21 बदलच विचारतं. बाविसावा असला तर ब्लॉक आपणहून सांगत नाही. पापुद्र्यात गाठीच्या पेशी शेकडा दहापेक्षा कमी असल्या, तरी निकालावर भरवसा ठेवता येत नाही. मेणात बसवण्याआधी तुकडा फॉर्मालिनमध्ये सहा ते बहात्तर तास राहिला तर ठीक. सुट्ट्या आडव्या आल्या आणि तुकडा आठवडाभर भिजत पडला, तर डीएनएचे तुकडे होतात. पुढे यंत्र कितीही हुशार असो, बिघाड झालेला असतो पहिल्याच बरणीत.

म्हणून रिपोर्टवर ‘बदल आढळला नाही’ दिसलं, की गाठीच्या पेशी किती होत्या हे डॉक्टरांना विचारावं. आणि ब्लॉक परत मागून घ्यावा. एनरास, बीराफ या जनुकांची चौकशी बाकी असू शकते.