नुक्त्यापुरती ब्रँच

‘दऱ्या’ शोधाव्यात आणि उत्तरात ‘दर्या’ यावा, हा घोटाळा युनिकोडमधून येतो. आपला ‘ऱ’ तिथे ‘र’ अधिक नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, असा फोडता येतो. हिंदीसाठी शोध सोपा करताना नुक्ते पुसतात, म्हणजे ‘ज़मीन’ आणि ‘जमीन’ एकच धरली जाते. तोच कोड मराठीला लावला की दऱ्या समुद्रात बुडतात.

‘ऱ’चा नुक्ता न पुसण्याची दुरुस्ती मला एका मुक्तस्रोत प्रकल्पाला पाठवायची होती. बदल मोजक्या ओळींचा, पण फाइल उघडली की हात शिवशिवतात. हे नाव बदलावं, ते जुनं फंक्शन सरळ करावं! हा मोह आवरण्यातच या कामाचा कस लागतो.

परभणीत राहणाऱ्याला इथं ‘परभणी क्रांती’ भेंडी आठवणारच. ती आमच्या कृषी विद्यापीठाची. पुसा सावनी ही भेंडीची जात पिवळ्या शिरांच्या रोगाला बळी पडायची, म्हणून भेंडीच्याच कुळातल्या दुसऱ्या प्रजातीशी तिचा संकर केला आणि पुढची पिढी परत पुसा सावनीशीच जुळवली. रोगाला दाद न देण्याचा गुण तेवढा राहावा, बाकीचं परकं गळून जावं. मेन ब्रँच पुढे गेली की मी माझी रिबेस करतो, म्हणजे माझे बदल तिच्या ताज्या टोकावर पुन्हा बसवतो, तेव्हा हीच चाळणी लावतो.

ब्रँच काढायला कंजुषी करू नये. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारी चिमुकली नोंद; सहसा ४१ बाइट. एका दुरुस्तीला एक ब्रँच सहज परवडते.

पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्याला मराठी येत नव्हतं. त्याला व्याकरण शिकवत बसण्यापेक्षा मी टेस्ट लिहिली: ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, दोन्ही वेगळे राहिले तरच पास. कमिटच्या संदेशातही काय बदललं यापेक्षा का बदललं तेच लिहिलं; काय ते डिफमध्ये दिसतंच. यानं हिंदीचं काही बिघडेल का, असं त्यानं विचारलं. रास्त प्रश्न. मग नियम फक्त मराठीपुरता बांधला.

पुढची सूचना मात्र मी मानली नाही. काही जण ‘ऱ्य’ वेगळ्या रीतीनं टाइप करतात: साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. तेही यातच उरकून टाक, असं त्याचं म्हणणं. पण तिथे नुक्ता नाहीच, बिघाडाचं मूळही निराळं. ही ब्रँच मर्ज झाल्यावर त्यासाठी दुसरी काढली.